रक्तवाढीच्या गोळ्या आणि चारचा चहा

सोनोग्राफीच्या बाकावर हसायचं नसतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

बाक स्टीलचा, गारेगार. त्यावर आम्ही तिघी. डाव्या हाताला बडोद्यातल्याच पाणीगेटहून आलेल्या ऐसपैस अंगाच्या एक बेन, उजव्या हाताला नुकतेच दिवस गेलेली एक पोरगी, मधे मी. तिघींच्या मांडीवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी तुंबवून यावं लागतं, मूत्राशय गच्च भरलं की मागची गर्भाची पिशवी स्पष्ट दिसते, असं तिथल्या आयाबेननं समजावलं होतं. ही आयाबेन मधूनमधून दारातून डोकं काढायची आणि एवढंच विचारायची, "प्रेशर आव्युं?" जिला आलं तिला आत घ्यायची. त्यामुळे तिथला नंबर कागदावर नव्हता, जिच्या तिच्या पोटात होता.

पाणीगेटच्या बेननी बसल्या बसल्याच हात वर केला होता. आव्युं म्हणत आत गेल्या आणि पदर सावरत तशाच परत आल्या.

"मशीन तर माझ्या सासूसारखं निघालं," त्या गुजरातीत म्हणाल्या. "खोटं लगेच पकडतं."

आणि बाटली पुन्हा भरून आणून बाकावर बसल्या.

समोरच्या खुर्चीवर काकू होत्या. म्हणजे मी वासणा भागात ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या. त्यांच्या फ्लॅटच्या गच्चीवरची टाकी त्या सकाळी बिघडली होती, आणि त्या प्लंबरला फोनवर मोठ्या आवाजात सांगत होत्या, "भैया, टांकी पूरी भर गई है. ऊपर तक. अब गिरने को आई है. वाल ढीला हो गया है, बेचारा कितना रोकेगा?"

उजवीकडच्या पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले. "कोई आ काकीने चूप करावो," ती दातांतून म्हणाली.

पाणीगेटच्या बेन आधी नुसत्या हलायला लागल्या. बाक एकच, म्हणून त्या हलल्या की आम्हीही हलायचो. मग त्यांच्या तोंडातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज निघाला. मी ओढणी तोंडात कोंबली. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "बेन, हसवू नका, पाया पडते." त्यावर तर आमचं सगळंच सुटलं. म्हणजे हसू सुटलं. बाकीचं कसं राहिलं ते देवाला माहीत.

काकूंनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय झालं गं? मला पण सांगा ने."

बडोद्याच्या मराठी माणसांना वाक्याच्या शेपटाला असा एक गुजराती 'ने' लावल्याशिवाय चैन पडत नाही. काकूंच्या घरातले जुने लोक बडोदा संस्थानच्या कचेरीत होते, त्या स्वतः कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी एकदम पुस्तकातलं, आणि मधेच 'ने', मधेच 'निरांते कर, घाई नथी'. मला ते फार आवडतं. घरापासून इतक्या लांब आल्यावर मराठी ऐकायला मिळतंय हेच खूप, त्यात गुजराती म्हणजे वरून शेव भुरभुरल्यासारखं.

मी मुळात घाबरट आहे. फोन वाजला तरी आधी काळजात धस्स होतं, मग नाव बघते. माझी शाळा आठवीत सुटली. आईबाप ऊसतोडीला जायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणीतरी लागायचं, ते कुणीतरी मी झाले. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आले. तो बाजव्याला रिफायनरीजवळ एका ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, तिथंच आमची खोली आहे. पाच वर्षांची मुलगी आहे. आणि तिच्या जन्मानंतर काही वर्षांनी माझी पाळी जी बिघडली ती बिघडलीच. आली की जायचं नाव घ्यायची नाही. गाठी पडायच्या. शटल रिक्षात बसताना खाली ओढणीची घडी घालून बसायची मी, आणि उतरताना आधी सीट बघायची.

आमच्या गावाकडं बाईची पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं. पाळी आली की तोडीवरचा दिवस बुडतो, काढा. अंगावरून पांढरं जातं, काढा. कंबर दुखते, काढा. आईची काढलेली, मावशीची काढलेली, थोरल्या बहिणीची तर पंचविशी उलटायच्या आत. ती आता तिशीतच म्हातारीसारखी घामाघूम होते आणि जिना चढताना गुडघ्यांना शिव्या देते. दिवाळीला मी गावी गेले तेव्हा सासूनं मला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पोटावर यंत्र फिरवलं न फिरवलं आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर. सासूनं तिथंच ठरवून टाकलं, संक्रांतीनंतर ये, काढून टाकू, मोकळी हो.

मला मोकळं व्हायचं नव्हतं. पोरीच्या पाठीवर एक हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, ते नसतं झालं तरी पिशवी मला माझ्याजवळच हवी होती. का, ते मला कुणाला सांगता यायचं नाही. नाक का हवं म्हणून कुणी विचारतं का? पण घरात हे बोलायची माझी छाती नव्हती. मी नुसतं "हो आत्या" म्हणून परत आले. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.

काकूंना कळलं ते कणकेमुळं. कणीक मळताना एके दिवशी ओटा हलला. मी परात धरून म्हणाले, "काकू, भूकंप."

काकू पंख्याकडे बघत राहिल्या. पंखा सरळ लटकत होता. मग त्यांनी माझ्या डोळ्याखालची पापणी बोटानं खाली ओढली आणि म्हणाल्या, "भूकंप तुझ्यात आहे. पांढरीफटक पडली आहेस. किती दिवस चाललंय हे?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. गॅसवरची भाजी करपली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला त्या बाकावर नेऊन बसवलं.

तर बाकावरून माझा नंबर लागला. पोटावर गार जेल, त्यावर यंत्राची दांडी, आणि ती नेमकी तिथंच दाबायची जिथं दाबू नये. पोटावरून झालं, आणि मग आतल्या डॉक्टरबेन म्हणाल्या, "आता रिकामं करून या. नीट दिसण्यासाठी आतून बघते, त्याला रिकामं लागतं."

इतक्या कष्टानं सांभाळलेलं सगळं मी अशी धावत जाऊन ओतून आले की पाणीगेटच्या बेन बाकावरून म्हणाल्या, "नशीबवान आहेस, दीकरी."

नंतर स्त्रीरोगाच्या डॉक्टरबेननी तो फोटो आमच्यासमोर धरला. बारीक चणीच्या, गुजराती, आवाज एवढा शांत की मला वाटलं वाईट बातमी असणार. पण त्या म्हणाल्या, पिशवी चांगली आहे. सूजबीज काही नाही. आतल्या अस्तरावर एक मस आहे, देठ असलेला, फांदीला बोंड लागावं तसा. तोच रक्त पाडतो आहे. खालच्या वाटेनं दुर्बीण घालून तेवढाच काढायचा, पोटावर टाकाही नाही, संध्याकाळी घरी. काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा. असे मस बहुतेक वेळा साधेच असतात, पण आपण बघून घ्यायचं.

"आणि पिशवी?" मी विचारलं.

"पिशवीचं काय?"

"ती राहील?"

"मग कुठे जाईल?" डॉक्टरबेन म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून हातात घट्ट धरला. तो काकूंनी हळूच काढून घेतला.

पण अडचण होती. माझं हिमोग्लोबिन सातवर होतं. दहाच्या पुढं गेल्याशिवाय भूल देणार नाही म्हणाल्या. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून वेगळ्या गोळ्या दिल्या, आणि रोज घ्यायला रक्तवाढीच्या गोळ्या. महिन्यानं पुन्हा तपासू.

इथं चारचा चहा आला.

काकूंच्या घरात हिंचका आहे, दिवाणखान्यात, पितळी कड्यांचा. दुपारी चारला काकू त्यावर बसून चहा घेतात, आणि मी त्यांच्याकडे कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवलं. निळ्या काठाचे कप, त्यांना जो तोच मला. मी पहिल्यांदा नुसती टेकले होते, पळता येईल अशी. "बेस ने नीट," त्या म्हणाल्या, "कड्या माझ्या सासऱ्यांना पेलायच्या, तुझं वजन ते काय." आयुष्यात मला कुणी हिंचक्यावर शेजारी बसवून चहा दिला नव्हता. त्या चहासाठी मी रणरणत्या उन्हातही वासण्याला आले असते.

गोळ्या सुरू झाल्यावर काकूंनी जबाबदारी घेतली. त्यांचं ठाम मत, गोळी उष्ण असते, नुसत्या पाण्याबरोबर बाधते. म्हणून रोज चारला माझ्या बशीत, जिथं बिस्कीट ठेवतात तिथं, त्या लाल गोळी ठेवायच्या. मी गरम चहाच्या घोटाबरोबर ती गिळायची. दोघींना किती बरं वाटायचं. "बघ, पंधरा दिवसांत गालावर लाली येते की नाही," काकू म्हणायच्या आणि पायानं झोका द्यायच्या.

महिन्यानं तपासणी झाली. सात होतं, ते सातच.

डॉक्टरबेननी माझ्याकडे बघितलं. "खरं सांगा. गोळ्या घेता ना? बऱ्याच बायका पोट बिघडतं म्हणून टाकून देतात."

मी काकूंच्या मागे सरकले. काकू मात्र चिडल्या. "डॉक्टर, माझ्या डोळ्यांदेखत घेते. मी स्वतः बशीत ठेवते."

"बशीत?"

"चहाच्या बशीत. चहाबरोबर घेते ने."

डॉक्टरबेननी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काकी, तुम्ही कॉलेजात काय शिकवत होतात?"

"केमिस्ट्री."

"चहात काय असतं?"

काकू अगदी बारीक आवाजात, तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "टॅनिन." थोड्या वेळानं, "टॅनिन आणि लोह." मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, यांची शाई होते. आम्ही प्रॅक्टिकलला करायचो. मी महिनाभर या पोरीच्या पोटात शाई केली."

डॉक्टरबेन हसायला लागल्या. शांत माणूस हसायला लागलं की त्याला थांबता येत नाही, तसं झालं. बाहेरची नर्स आत बघून गेली. हसता हसताच त्यांनी सांगितलं, गोळी चहाबरोबर घेतली की लोह अंगी लागत नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, आणि चहा गोळीपासून दोन तास तरी लांब. तेवढ्यानं नाही झालं तर शिरेतून देऊ.

मी घाबरायला हवं होतं. पण शटल रिक्षात बसल्यावर काकू आपल्याशीच पुटपुटल्या, "निळी-काळी शाई, त्यातल्या त्यात बरी," आणि मला बाकावरच्यासारखं हसू फुटलं. काकूही हसायला लागल्या. रिक्षात शेजारी बसलेल्या माणसानं आपली मांडीवरची पिशवी उचलून जवळ घेतली.

त्या रात्री मी काही झोपले नाही, ते मात्र हसण्यानं नव्हे. महिना फुकट गेला होता, नवऱ्यानं फोनवर आईला सांगितलं होतं, आणि संक्रांत जवळ आली होती. आत्या पलीकडून एवढंच म्हणाली, "मीच येते न्यायला."

ती आली ती बाजरीचं पीठ, तूप आणि ठेचा घेऊन. वाईट बाई नाही ती. माझ्यासाठी तूप डब्यात, आणि तो डबा सांडू नये म्हणून स्वतःच्या लुगड्यात बांधून आणलेला. पण ठरलेलं ते ठरलेलं.

"इथली डॉक्टरीण गोळ्या देऊन झुलवतीया तुला," ती म्हणाली. "तिथं एका दिवसात मोकळं करत्यात. माझी काढली, तुझ्या आईची काढली. मेलो का आम्ही?"

मला "हो आत्या" म्हणायची सवय होती. जीभ तिथंच वळत होती. कसंबसं म्हणाले, "आत्या, एकदा तुम्हीच डॉक्टरबेनना विचारा. मग म्हणाल तशी येते."

एवढं बोलायला मला अर्धा तांब्या पाणी प्यावं लागलं.

डॉक्टरबेननी आत्याला शेजारी उभं केलं आणि पडद्यावर तिला माझ्या पोटातलं दाखवलं. करडं, काळं, मधे एक पांढुरका ठिपका. "माजी, ही पिशवी. हा मस. एवढाच काढायचा."

आत्या पडद्याच्या इतक्या जवळ गेली की तिचं नाक लागलं असतं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ही पिशवी व्हय? एवढी नाजूक?"

"एवढीच असते. लिंबाहून मोठी, पेरूएवढी."

"माझी पण अशीच असंल?"

"असेल ना. तुमची का काढली, माजी?"

"पांढरं जायचं अंगावरून."

डॉक्टरबेननी यंत्र बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "त्याला गोळ्या असतात, माजी. बहुतेक वेळा आठवड्याभराच्या."

आत्यानं मान हलवली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. आम्ही बाजव्याच्या रिक्षात बसलो. मी बाहेर बघत बसले, मधूनच तिच्याकडे बघायची, तर ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसलेली. नाक्यावर उतरलो तेव्हा ती भाजीच्या गाडीपाशी गेली. एक एक लिंबू दाबून बघितलं, पिशवीभर घेतली आणि माझ्या हातात दिली.

"चल," म्हणाली. "गोळी कवा घ्यायची असती?"

त्या दिवसापासून माझ्यावर दोन पहारेकरी बसले. घरी आत्या, वासण्याला काकू. आत्याला इकडे करमेना, म्हणून ती पोरीला बालवाडीत सोडून माझ्याबरोबर काकूंकडेही यायला लागली. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींना जोखत बसल्या. काकू म्हणाल्या, "तुमच्या सुनेच्या पोटात मी शाई केली, माफ करा." आत्याला अर्थ कळला नाही, पण कुणीतरी आपल्याला माफ करा म्हणतंय हे तिला इतकं नवीन होतं की ती लाजली आणि म्हणाली, "असू दे, पोरगी शिकलेली न्हाई, शाई उपयोगाला येईल."

काकूंनी माझ्या सोबतीनं स्वतः पण चारचा चहा सोडला. हे फार मोठं होतं, कारण चहा नसला की काकू माणसात नसतात. चारला हिंचक्यावर आम्ही दोघी लिंबूपाणी पीत बसायचो आणि काकू कपाकडे असं बघायच्या जसं कुणी गेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघतं. चार दिवसांनी मला स्वयंपाकघरातून आल्याचा वास आला. आत जाऊन बघते तर काकू आणि आत्या ओट्याच्या आड उकिडव्या बसून, गॅस बारीक करून, एकाच भांड्यातून दोन कपांत चहा ओतताहेत.

"तू बाहेर जा," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठी वास पण वाईट."

"वासानं काही होत नाही," काकू म्हणाल्या, मग थोड्या घुटमळून, "बहुतेक."

मी ओट्याला धरून हसले. चक्कर आली नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं, की इतकं हसून ओटा हलला नव्हता. बीट, खजूर, शेवग्याची पानं, आत्याची बाजरीची भाकरी, आणि लिंबाबरोबर ती लाल गोळी. पापणीच्या आत गुलाबी रंग दिसायला लागला. आत्या रोज सकाळी माझी पापणी खाली ओढून बघायची, आंबा पिकला का बघावं तशी.

पुढच्या तपासणीला साडेदहा आलं. डॉक्टरबेननी आकड्याखाली रेघ ओढली आणि काकूंना म्हणाल्या, "पास."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी होते, पाणीसुद्धा नाही. टेबलावर झोपवताना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नाव विचारलं तर मला ते पटकन आठवेना. मी मनातल्या मनात पिशवीला म्हणत होते, बस जागेवर, हलू नको, तुझं काही नाही, दुसऱ्याचं आहे. वरचा दिवा गोल गोल होता. मग एकदम दुपार झाली.

जाग आली ती हसतच. आत्या सांगते, मी डोळे न उघडता मोठ्यानं म्हणाले, "प्रेशर आव्युं नथी, बेन," आणि नर्सचा हात धरून तिला हिंचक्यावर बसायला सांगितलं. नवरा पायाशी उभा होता, सुट्टी टाकून आलेला, तो लाजून बाहेर गेला. पोटावर हात फिरवला. टाका नाही, पट्टी नाही. पाळीला दुखतं तेवढं थोडंसं दुखत होतं.

डॉक्टरबेननी एक लहान बाटली दाखवली. पाण्यात एक गुलाबीसर तुकडा, चिंचोक्याएवढा.

आत्यानं बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली. "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी..." आत्या म्हणाली. बाटली परत देताना तिनं ती दोन्ही हातांनी दिली.

तपासणीचा निकाल यायला काही दिवस गेले. ते दिवस मी कसे काढले ते विचारू नका. पोळ्या जळाल्या, वरणात मीठ दोनदा पडलं, आणि काकूंनी ते वरण "छान झालंय" म्हणत खाल्लं. मग फोन आला. साधा मस. दुसरं काही नाही. मी तो फोन ओट्यावर ठेवला आणि काकूंना वाकून नमस्कार केला, मग आत्याला केला, मग चुकून गॅसच्या सिलिंडरला पण हात लागला, तर त्यालाही केला. पुढची पाळी आली ती चार दिवसांची, गुपचूप येऊन गुपचूप गेली. तिच्या येण्याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी साजूक तुपातला शिरा केला आणि कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही. आत्यानं दोनदा मागून घेतला.

आता ती गावी परत जाणार असं मला वाटत होतं. तिची कपड्यांची पिशवी भरून तयार होती. पण जायच्या आदल्या दिवशी, चारला, ती आमच्या दोघींच्या मधे हिंचक्यावर बसली होती. गोळी मी सकाळी घेतलेली, म्हणून चहा मलाही होता, निळ्या काठाच्या कपात. तिघींच्या वजनानं कड्या कुरकुरत होत्या. तेवढ्यात गावाहून धाकट्या जावेचा फोन आला. तिलाही त्याच तालुक्याच्या डॉक्टरनं तेच सांगितलं होतं. सूज आहे, काढा. ती रडत विचारत होती, आत्या, तुम्ही कवा येताय, तारीख घेऊ का?

मी कप बशीत ठेवून आत्याकडे बघितलं.

"काई तारीखबिरीख घेऊ नगं," आत्या म्हणाली. "तूच इकडं ये. हितं आधी मशीनवर बघत्यात." मग माझ्याकडे एकदा बघून फोनमध्ये, "आन् लई पाणी पिऊन यावं लागतं. सवय करून ये."

जाऊ आली. त्याच स्टीलच्या बाकावर, भरल्या पोटानं बसली. एका बाजूला मी, एका बाजूला आत्या, समोर काकू. जाऊ घाबरून पांढरी पडली होती, माझ्यासारखीच. मी तिचा हात धरला होता आणि तिला सांगणार होते, घाबरू नको, एवढंसंच असतं. पण आत्यानं आधीच तिच्या कानाशी लागून, माझ्याकडून ऐकलेली काकूंच्या टाकीची, वालची आणि पाणीगेटच्या बेनची गोष्ट सुरू केली होती, आणि जाऊ ओढणी तोंडात कोंबत म्हणत होती, "आत्या, नका ना, आत्या."

आयाबेननं दारातून डोकं काढलं. बाकाकडे बघितलं.

"माजी," ती आत्याला म्हणाली, "तमे बहार बेसो."

आत्या निमूटपणे उठली आणि जिन्यात जाऊन बसली. तिथूनही तिचं हसू ऐकू येत होतं.